मैनाआत्याचा डावा कान

मला गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या तोंडाला आवर घालील असा नवरा बघा. नवरा मिळाला तो मुंबईच्या गिरणीत, शिमग्याला नि गणपतीला घरी येणारा. तो कसला आवर घालतोय! सासरची वाडी शिवथरच्या खोऱ्यात, डोंगराला टेकून बसलेली. मूठभर घरं, खाली नदी, वर रान, आणि पाऊस असा की चार महिने अंगावरचं लुगडं धड वाळत नाही. अशा वाडीत मला जन्मात पहिल्यांदा कुणी गप्प बसवलं असेल, तर मैनाआत्यानं. तेसुद्धा एक शब्द न बोलता.

महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, बाजारात जो तो त्याचंच बोलत होता, त्याच्या पुढल्या वर्षी माझं लग्न झालं. सासरचा पहिलाच श्रावण. मी नि सासूबाई मागल्या पडवीत भात कांडत होतो. दारात एक काटकुळी बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर इरलं, पाय चिखलानं भरलेले. तिनं हाकसुद्धा मारली नाही. पण सासूबाईंनी माझं मुसळ वरच्या वर धरलं. कोंबड्या बाहेर हाकलल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे सोनबा, ज्यांचा खोकला नदीपल्याड ऐकू जायचा, ते तोंडावर धोतराचा सोगा धरून बसले. मला वाटलं, घरात कुणी गेलं की काय! मी विचारलं, "कोण हो ही?" तर सासूबाईंनी मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

ती बाई माजघरात गेली. तिथे कोपऱ्यात कणगी होती. तिनं पदर मागे सारला, गालफड कणगीला लावलं, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. मग थोडं खाली, मग पलीकडे. सगळं घर श्वास धरून बसलेलं. शेवटी तिनं डोळे उघडले, म्हणाली, "बरी हाय." झालं. मामंजींनी कोंडलेला खोकला एकदम सोडला, कोंबड्या आत आल्या, सासूबाईंनी सूपभर भात तिच्या ओटीत घातलं आणि ती पुढच्या घरी गेली.

आता कणगी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आजकालच्या सुनांना पत्र्याचे डबे ठाऊक. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेली, माणसाच्या उंचीची गोल कोठी. आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायची, तळाला पेंढा नि राख घालायची, मध्ये मध्ये निरगुडीचा पाला, वर भात ओतत जायचं. भरली की तोंडावर पुन्हा पेंढा आणि त्यावर लिंपून बंद. दिवाळीनंतर बंद केलेली कणगी पावसाळ्यात उघडायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. पावसाळी हवा आत शिरली की चांगलं भातही ओलावा धरतं, बुरशी येते. पण आत आधीच कीड पडली असली तर? तर भात आतल्या आत तापत जातं आणि दसऱ्याला फोडावी तर भुसा नि किडे. म्हणजे उघडली तरी भीती, न उघडली तरी भीती. न उघडता आतलं कळायला हवं, आणि ते फक्त मैनाआत्याला कळायचं. ती कणगी ऐकते, असं सगळी वाडी म्हणायची.

पण ऐकते म्हणजे काय ऐकते? मला ते कळेना आणि मला चैन पडेना. घरात कुणी नसलं की मी कान लावून उभी राहायची. जिवाचा कान करून ऐकलं, तर माझ्याच छातीची धडधड आणि बाहेर पावसाची झोड. मग मी विचारत सुटले. सासूबाई म्हणाल्या, आतली लक्ष्मी तिच्याशी बोलते. शेजारची राहीबाई म्हणाली, किडे दाणा कुरतडतात त्याचा आवाज येतो. राहीबाईचा म्हातारा म्हणाला, भात श्वास घेतं, तो तिला ऐकू येतो. शेवटी एकदा पाणवठ्यावर मैनाआत्यालाच गाठलं. ती माझ्याकडं बघून हसली. "कणगी काय ती सांगतंय," म्हणाली आणि हंडा उचलून चालायला लागली. असा राग आला म्हणता!

मैनाआत्या वाडीचीच लेक. बिरवाडीकडं मोठ्या घरात दिली होती. नवरा तरणाताठा असताना तापानं गेला. मूलबाळ नाही, तेव्हा दिरांनी माहेरी आणून सोडली. पाठचा भाऊ होता तोपर्यंत ठीक चाललं, तो गेल्यावर वाडीच्या टोकाला एका खणाच्या खोपटात राहू लागली. लावणी-कापणीला लोकांच्या शेतावर जायची. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही, लग्नात मागच्या दारी बसायची. पाणवठ्यावर ती बोलायला लागली की बाया मधेच आपलं सुरू करायच्या, मीसुद्धा. तिचं अर्धं बोलणं तोंडातच राहायचं. फक्त श्रावणात तिच्या शब्दाला किंमत. घरोघरच्या सूपभर भातावर तिचा पावसाळा निघायचा.

अशी काही वर्षं गेली. मग मामंजींच्या डोक्यात जुन्या तांदळाचं खूळ शिरलं. आमच्या खोऱ्यात ज्या घरात गेल्या सालचा तांदूळ शिजतो ते घर भरलेलं समजतात. पाहुण्याला भात वाढताना "जुना हाय" एवढं म्हणायला मिळालं की यजमानाची छाती फुगते. मामंजींना ते म्हणायचं होतं. त्यांनी माणूस बोलावून माजघरातच एक कणगी विणून घेतली, एवढी मोठी की पुढे ती दारातून बाहेर निघायची नाही. विणणारा म्हणाला, सोनबा, दार लहान हाय. मामंजी म्हणाले, भरल्या कणगीला दारात काय काम? शिल्लक जुनं भात, त्या सालचं नवं, सगळं त्या एका कणगीत गेलं. दिवाळीत ती तोंडापर्यंत भरली तेव्हा त्यांनी आख्खी वाडी बघायला बोलावली होती. खायला म्हणून दसऱ्यापर्यंत पुरेल एवढं भात तेवढं लहान कणगीत ठेवलं. बाकी घराचं सगळं पोट त्या एका मोठ्या कणगीत.

श्रावण सरत आला. माझा धाकटा दीर भिकू मुंबईला गोदीत कामाला होता, तो गणपतीची रजा घेऊन जरा आधीच आला होता. मैनाआत्या आली, घर गप्प झालं. तिनं त्या मोठ्या कणगीला गाल लावला. या वेळी तिनं गाल लवकर काढला नाही. वर गेली, खाली गेली, पुन्हा वर. मग पदर सावरून म्हणाली, "सोनबादादा, ही फोडा."

मामंजींचा चेहराच उतरला. मग चढला. एवढ्या पावसात फोडू? का म्हणून? ती म्हणाली, कमरेच्या वर, भिंतीकडल्या बाजूला भात बिघडलंय. मामंजी म्हणाले, यंदा वाडीत कुणाचीच कणगी बिघडली नाही ती माझीच बरी बिघडली. त्यांचा आवाज चढला. ती आपली तेच म्हणत राहिली, फोडा.

तेव्हा भिकूला मुंबईचं शहाणपण सुचलं. त्यानं खिशातून घड्याळ काढलं. गोदीत आलेल्या बोटीवरल्या कुणा सारंगाकडून घेतलेलं, साखळीचं, सगळ्या वाडीला दाखवून झालेलं. म्हणाला, "आते, रागवायचं नाय. जरा टेस्ट करू. डोळे मिट." त्यानं घड्याळ तिच्या उजव्या कानाशी धरलं. ती म्हणाली, टिकटिक येतंय. मग त्यानं ते अलगद डाव्या कानाशी नेलं. कणगीला ती कायम डावीच बाजू लावायची. ती गप्प. भिकूनं घड्याळ अगदी कानाला टेकवलं. आम्हाला दारातून टिकटिक ऐकू येत होती. थोड्या वेळानं डोळे मिटूनच तिनं विचारलं, "धरलंस का रे?"

भिकू आधी हसला. मग दारात येऊन उभी राहिलेली राहीबाई हसली. मग तर कोण नाही हसलं! बहिरी, बाई, ठार बहिरी, आणि इतकी वर्षं आम्ही हिच्यासाठी कोंबड्या हाकलतोय! मामंजी मात्र हसले नाहीत. "भैऱ्या कानाच्या सांगण्यावर मी भरल्या घराची कणगी फोडू?" असं म्हणाले आणि उठून ओटीवर गेले. मैनाआत्यानं डोळे उघडले, एकेकाकडं बघितलं. तिच्या ओटीत भात घालायचं कुणाला सुचलं नाही. ती इरलं डोक्यावर घेऊन पावसात निघून गेली.

ही बातमी चुलीवरचं पाणी उकळायच्या आत वाडीभर झाली. पुढल्या घरी तिला कुणी आत घेतलंच नाही. सगळे आपापल्या परीनं हसत होते, आणि मला मात्र एका गोष्टीनं कुरतडायला घेतलं. बहिरी तर बहिरी. पण मग ती चुकली का नाही कधी? मागं एका श्रावणात राहीबाईची कणगी तिनं फोडायला सांगितली होती, ती खरंच बिघडलेली निघाली होती. बाकीच्या बऱ्या सांगितल्या, त्या बऱ्या निघाल्या. न ऐकता हिला कळतं तरी कसं? आणि या वेळी ती खरं बोलत असली, तर दसऱ्यानंतर आम्ही खाणार काय?

दुसऱ्या दिवशी सरपणाचं निमित्त काढून मी तिच्या खोपटात गेले. चूल थंडच होती. मी आपली भडाभडा बोलले, जे मनात होतं ते सगळं. म्हटलं, तुला ऐकू येत नाही तर खोटं का सांगितलंस?

ती म्हणाली, "मी कवा म्हटलं ऐकू येतं? तुमीच म्हनलात."

आणि खरंच की हो. तिच्या तोंडून 'ऐकलं' हा शब्द मी एकदाही ऐकला नव्हता. बरी हाय, नायतर फोडा, एवढंच ती बोलायची. मग हळूहळू तिनं सांगितलं. लहानपणी कान फुटला, तेव्हापासून डावीकडं अंधार. लग्न होऊन बिरवाडीला गेली, तिथं नवरा गेल्यावर तिला झोपायला कणग्यांच्या खोलीत जागा दिली. पावसाळ्यात ती खोली ओलीगार, अंगावर धड पांघरूण नाही. कुडकुडत ती कणग्यांना टेकून निजायची. एका श्रावणात तिला एक कणगी उबदार लागली. तिला बरंच वाटलं. रोज तिलाच गाल लावून निजू लागली, ऊब वाढत गेली. दसऱ्याला ती कणगी फोडली तेव्हा आत दाणा नव्हता, नुसता किडा नि भुसा. तेव्हा तिला कळलं आपण कशाच्या उबेला झोपत होतो. आजारी भाताला ताप चढतो, एवढं ती शिकली. उन्हाळ्यात सगळंच तापलेलं असतं, तेव्हा कळत नाही. श्रावणाच्या गारठ्यात कळतं.

मी म्हटलं, मग हातानं का नाही कळत आम्हाला? तिनं माझा हात ओढून स्वतःच्या हाताशेजारी ठेवला. चिखल, विळा, जातं, मुसळ यांनी दोघींचे तळवे चपलेच्या तळासारखे झालेले. चुलीतला निखारा उचलावा तरी लवकर चटका बसायचा नाही. "गालाला काम नाय पडत," ती म्हणाली. डावा गाल का, तर तिकडं आवाज नाही, म्हणून लक्ष चळत नाही.

मला असा आनंद झाला म्हणून सांगू, की एवढी वर्षं डोक्यात फिरणारा भुंगा एकदाचा बसला! मी म्हटलं, अगं मग हे आधीच सगळ्यांना सांगितलं असतंस तर? एवढी शोभा झाली नसती. कोंबड्या हाकला, खोकला आवरा, हे तरी कशाला चालू दिलंस? तुला शांततेची गरजच नव्हती.

ती चुलीतली राख काडीनं उकरत बसली. मग म्हणाली, "मी दारात आलं की मुसळ थांबतं. सोनबादादा खोकला गिळतो. आख्ख्या वर्सात तेवढाच येळ मानसं माझ्यासाठी गप बसतात गो. म्हनून नाय सांगितलं."

मला यावर एक शब्द बोलता आला नाही. मला, जिला बोलल्याशिवाय घास गिळवत नाही! पाणवठ्यावर तिचं बोलणं मी किती वेळा तोडलं होतं ते सगळं आठवलं.

घरी आले ती थेट माजघरात. आधी लहान कणगीला गाल लावला. गार. मग मोठीला, खाली लावला. गार. वर सरकत गेले, भिंतीकडल्या बाजूला वळले, कमरेच्या वर आले, आणि बाई गं! तापानं फणफणलेल्या पोराच्या पाठीला गाल लावावा तसं. माझ्या अंगावर काटा आला. सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची आमच्याकडं रीत नव्हती. मी सासूबाईंना हाताला धरून आणलं, त्यांचा गाल तिथं टेकवला. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, पुन्हा गाल लावला, आणि मग ओटीवर जाऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मी दाराआडून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "कणगीत कमरेच्या वर कुठल्या खाचराचं भात पडलंय?"

मामंजींनी मान खाली घातली. मग सांगितलं. नदीकाठच्या खाचराचं भात दिवाळीत अवकाळी सरीत सापडलं होतं. ते पुरतं वाळायच्या आतच त्यांनी कणगीत ओतलं, कारण लोकांना बघायला बोलावून झालं होतं आणि कणगी अर्धी दिसली असती. मैनाआत्यानं जागेवर बोट ठेवलं तेव्हाच त्यांना समजलं होतं, म्हणून तर आवाज चढला होता. सासूबाई चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत, कोयता आणायला गेल्या.

कणगी फोडली तेव्हा तोंडाशी भात चांगलं होतं. हातभर उपसलं आणि आंबूस वाफ नाकात शिरली. भिंतीकडलं भात हात घालवेना इतकं गरम, आणि त्यात टोके, म्हणजे भाताचे किडे, वळवळत होते. पण कीड नुकती पसरू लागली होती. तो पट्टा वेगळा काढला. जे अगदीच गेलं ते म्हशीपुढं पडलं. जरा बरं होतं ते पाखडून, ऊन पाण्यात भिजवून, खापरावर भाजून पोहे कांडायचं ठरलं, कारण पावसात दुसरं काही करता येत नव्हतं. वाडीतल्या सगळ्या बाया मुसळं घेऊन आमच्या पडवीत आल्या. खालचं चांगलं भात पेंढ्यात बांधून चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलं. जुन्या तांदळाचं बोलणं मामंजींनी पुन्हा काढलं नाही, पण नवं भात येईपर्यंत आमची चूल एक दिवस थंड राहिली नाही. दसरा उलटेपर्यंत घरात पोहेच पोहे, भिकू तर ते खाऊन खाऊन गणपती होताच मुंबईला पळाला तो घड्याळ घरीच विसरून.

मामंजी स्वतः सूप भरून मैनाआत्याच्या खोपटात गेले. काय बोलले ते कुणाला ठाऊक नाही. पण गालाची गोष्ट आता सगळ्यांना कळली होती, ती माझ्याच तोंडानं. चुलीपाशी तिनं शेवटी सांगितलेली ती दुसरी गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही.

पुढला श्रावण आला. मैनाआत्या दारात उभी राहिली. मी भात कांडत होते, सासूबाई दळत होत्या, मामंजी राहीबाईच्या म्हाताऱ्याशी म्हशीच्या दुधावरून वाद घालत होते. भिकू होता, त्यानं तिला बघून हात केला, "ये आते, आता गप बसायचं काम नाय!" आणि कुणीच थांबलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट तिच्यावरचा विश्वास वाढलाच होता. जातं चालू, वाद चालू, कोंबड्या पायात. ती उंबऱ्याशी थोडी थांबली, नेहमी थांबायची तशी. मग पदर मागे सारून कणगीकडं चालू लागली. तिचा चेहरा फक्त मला दिसत होता.

मी मुसळ खाली ठेवलं. सासूबाईंचा हात जात्यावरच धरला. कोंबड्यांना हाकललं. मग माजघराच्या दारात उभी राहून, डोक्यावरचा पदर सावरत, जन्मात पहिल्यांदा सासऱ्यांशी सरळ बोलले. "मामंजी, गप ऱ्हावा. आत्या आलीय."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. आणि तोंडावर धोतराचा सोगा धरला.

घर एकदम शांत झालं. मैनाआत्यानं डावा गाल कणगीला लावला आणि डोळे मिटले. ती कणगी गार होती, मी सकाळीच बघितलं होतं, आणि तिलाही ते टेकताक्षणी कळलं असणार. पण तिनं गाल लवकर काढला नाही, आणि आमच्यातलंही कुणी हललं नाही.